तळ्याच्या बांधाची दुरुस्ती करून घेतली: पाहणी, मातीकाम, पिचिंग आणि नंतरची सर्व्हिस, सगळ्याचा रिव्ह्यू

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. रिटायर्ड इंजिनियर साहेबांची पाहणी आणि कामावरची देखरेख पाचपैकी पाच. मातीकामाच्या कॉन्ट्रॅक्टरला साडेतीन, तेही साहेब समोर उभे होते म्हणून. दगडी पिचिंगला, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या दगडांच्या थराला, दोन. नंतरच्या सर्व्हिसला चार. नावं टाकत नाहीये, कारण तुमच्या तालुक्यात माणूस वेगळाच येणार, पण काम चालू असताना नेमकं काय बघायचं हे कळलं तर कुणाकडूनही नीट काम करून घेता येतं, आणि मातीच्या बांधाचं असं आहे की जे महत्त्वाचं असतं ते सगळं गाडलं जातं, वरून मुरूम टाकून गवत उगवलं की चांगलं काम आणि वाईट काम दिसायला सेम.

आमचं तळं बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून. बहात्तरच्या दुष्काळात काढलेलं. आमची आजी या बांधावर पाट्या वाहायला होती, सुकडी खाऊन दिवसभर माती टाकायची, आणि पुरुष माणसं धुमसानं ती चोपायची. कागदावर हा लघुसिंचन तलाव, शंभर हेक्टरच्या आतला, म्हणून जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे. त्यामुळे पहिली गोष्ट, लेखी परवानगीशिवाय बांधाला फावडं लावू नका, वर्गणी तुमची असली तरी तळं सरकारचं आहे आणि मूळ नकाशा, सांडव्याची (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची) लेव्हल, पायाची खोली हे सगळं ऑफिसच्या फायलीतच सापडतं. आम्हाला नकाशाची झेरॉक्स मिळाली आणि निम्मं काम तिथंच सोपं झालं.

दुसरं हे की आमच्या बांधाची उंची दहा मीटरच्या आत आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही ठरावीक अटींत बसली तर येतात. त्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करायची म्हणून कायद्यात लिहिलंय, नाशिकला धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून आहे. पण आमच्यासारखी हजारो छोटी तळी या यादीतच नाहीत. म्हणजे बघायचं कुणी, तर ज्याचं घर बांधाच्या खाली आहे त्याने. आमच्या बांधाखाली एक वस्ती आहे, शाळा आहे आणि पाण्याची विहीर आहे, म्हणून हा विषय माझ्यासाठी पाटाच्या पाण्यापुरता नाही.

आता पाहणीबद्दल. साहेब मे महिन्यात आले, पाणी तळाला गेलं होतं तेव्हा, आणि तेव्हाच म्हणाले की मला परत तळं भरल्यावर बोलवा, कारण कोरड्या बांधात भेगा आणि बिळं दिसतात आणि भरलेल्या बांधात पाझर दिसतो, एका वेळच्या पाहणीवर कुणी दुरुस्तीचं एस्टिमेट देत असेल तर ते अर्धंच असतं. मला हे फार पटलं. फी त्यांनी घेतली ती दोन चकरांची मिळून, आणि रिपोर्ट हातानं लिहिलेला पण प्रत्येक ठिकाणाचं अंतर बांधाच्या एका टोकापासून मीटरमध्ये टाकलेलं, फोटो जोडलेले. सांडव्याच्या बाजूने शून्य धरायचं आणि बांधाच्या माथ्यावर दर तीस मीटरला दगडावर चुन्याने खूण करायची, म्हणजे नंतर कुणीही फोन करून सांगितलं की नव्वदच्या दगडाखाली ओल दिसतेय तर सगळ्यांना जागा कळते. साधी गोष्ट आहे पण आमच्याकडे पन्नास वर्षांत कुणी केली नव्हती.

त्यांनी सगळ्यात आधी लेव्हल लावली. आम्हाला वाटलं ते बिळं बघतील, झाडं बघतील, पण नाही, आधी सांडव्याची लेव्हल घेतली आणि मग माथ्याची, पूर्ण लांबीभर. निघालं असं की मधल्या भागात जिथून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बांध ओलांडतात तिथं माथा चांगलाच खचलाय. साहेब म्हणाले, दादा, बांधाची उंची म्हणजे त्याच्या सगळ्यात खालच्या जागेची उंची, बाकी बांध कितीही उंच असू द्या, पाणी तिथूनच वरून जाणार. आणि मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहायला लागलं की मागच्या उतारावरची माती धुपत धुपत वर येते आणि काही तासांत खिंडार पडतं, काँक्रीटचं धरण हे थोडं तरी सोसतं, माती सोसत नाही. मोरबीचं मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं, पाणी मातीच्या बाजूंवरून वाहिलं.

त्यामुळे रिपोर्टात पहिल्या नंबरला दुरुस्ती कुठली होती तर सांडवा मोकळा करणे. यात खर्च जवळपास शून्य. आमच्या सांडव्यात लोकांनी मोठे दगड आणि मातीची पोती लावून ठेवली होती, दोन फूट जास्त पाणी साठावं म्हणून, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून आडवी जाळी बांधलेली. ज्यांनी लावली त्यांचा हेतू वाईट नव्हता, उन्हाळ्यात जनावरांना पाणी पाहिजे हे खरंच आहे. पण हिशोब बघा, सांडव्यात दोन फूट अडवलं, माथा मधे खचलेला, आणि जाळीत पालापाचोळा आणि वेडी बाभळीच्या फांद्या अडकल्या की राहिलेली वाटही बंद. मोठ्या पावसाचं पाणी जाणार कुठून? ग्रामसभेत यावरून बरीच गरमागरमी झाली, शेवटी पोती काढली. मासेमारीवाल्यांशी बोलून जाळी सांडव्यापासून आत, खोल पाण्यात बांबूला बांधायचं ठरलं, ती फाटली तरी सांडव्यावर येणार नाही अशी. तुमच्या गावात तळं असेल तर हा रिव्ह्यू अर्धवट सोडून आधी सांडवा बघून या.

झाडं आणि बिळं यावर साहेबांनी बराच वेळ घालवला. बांधाच्या मागच्या उतारावर वेडी बाभूळ आणि घाणेरी इतकी माजली होती की माती दिसतच नव्हती, आणि त्याचाच धोका जास्त, कारण झाडीखाली काय चाललंय हे कुणाला कळत नाही. घुशींची बिळं, साळिंदराचं एक मोठं बीळ, पाण्याच्या बाजूला खेकड्यांची छिद्रं. खेकड्यांचा विषय निघाला की लोकांना तिवरे आठवतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि नंतर खेकड्यांमुळे फुटलं असं विधान झालं त्यावर राज्यभर संताप झाला. गळती आहे म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या हे त्यातलं सगळ्यात दुखणारं. साहेबांचं म्हणणं असं की बीळ करणारा प्राणी दरवर्षी येणारच, तो काय आज आलेला नाही, प्रश्न हा आहे की ते बीळ कुणी बघितलं का आणि त्याच वर्षी बुजवलं का. हे मी इथे मुद्दाम लिहितोय.

बीळ बुजवणे म्हणजे तोंडावर दगड आणि माती लावणे नाही. पूर्ण उकरायचं, शेवट सापडेपर्यंत, आणि मग थराथराने ओली माती भरून चोपायची. जिथं उकरणं शक्य नव्हतं तिथं माती आणि थोडं सिमेंट कालवून गारा केला आणि पाइपातून आत ओतला, वरून परत माती. झाडांचंही तसंच. कॉन्ट्रॅक्टरचा ऑपरेटर म्हणाला जेसीबीने ढकलून देतो, तासाभरात साफ. साहेबांनी थांबवलं. खोडासकट उपटलं की जो खड्डा पडतो तो नुसता लोटून भरला तर तिथंच पाणी मुरतं, आणि नुसतं वरून कापलं तर मुळं चार-पाच वर्षांनी आत कुजतात आणि मुळाच्या जागी पोकळ नळी उरते. म्हणून मोठ्या झाडांचा बुंधा मुळासकट काढून, खड्ड्याच्या कडा तिरप्या करून, परत थराने भरणे. एक मोठा कडुलिंब बांधाच्या पायथ्यापासून बराच लांब होता, तिथं म्हसोबा आहे, तो ठेवला, त्याने बांधाला काही होत नाही. उतारावर आता फक्त गवत ठेवायचं ठरलंय, मुळं उथळ आणि माती धरून ठेवणारी, हरळी सगळ्यात चांगली. गवत कापून न्यायला लोकांना मोकळीक दिली म्हणजे बांधावर कायम कुणीतरी असतं.

आता मातीकाम, म्हणजे जिथं पैसा गेला ते. कॉन्ट्रॅक्टरकडे पोकलेन, दोन हायवा डंपर, पाण्याचा टँकर, आणि रोलर "येईल". हा "येईल" शब्द लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी रोलर आला नाही आणि संध्याकाळपर्यंत ऑपरेटरने खचलेल्या माथ्यावर दीड-दोन फुटाचा एकच थर टाकून पोकलेनच्या चेनने दाबून ठेवला होता, आणि विचारलं तर म्हणे, "काय होतंय, दोन पाऊस पडले की आपोआप बसतं." साहेबांनी दुसऱ्या दिवशी तो सगळा थर काढायला लावला. भांडण झालं, डिझेल कोण देणार यावरून. पण ते बरोबर होते, कारण चेनचा दाब वरच्या काही इंचापुरता, खाली माती भुसभुशीत राहते, वरून टणक लागते, आणि तळं भरलं की खालचा थर बसतो आणि मधे फट तयार होते. पावसावर बसलेली माती आणि रोलरने बसवलेली माती यात बांधाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग पुढचं काम असं झालं. जुन्या उतारावर आधी गवत आणि वरची सैल माती खरवडली, मग पायऱ्या काढल्या, म्हणजे नवी माती जुन्या उतारावर नुसती चिकटून न राहता पायरीवर बसते. थर पसरताना २० सेंटिमीटरच्या आसपास, रोलर फिरल्यावर तो आणखी कमी होतो. प्रत्येक थरावर टँकरने पाणी, पण चिखल होईल इतकं नाही. ओल बघायची साहेबांची पद्धत सोपी, माती मुठीत घट्ट दाबायची, गोळा झाला पाहिजे, हाताला पाणी सुटता कामा नये, आणि बोटाने दाबल्यावर तो तुकड्यांत फुटला पाहिजे, पिठासारखा विखुरला तर कोरडी आणि लोण्यासारखा दबला तर जास्त ओली. कामावरच्या दोन पोरांना त्यांनी हे शिकवलं आणि नंतर ती पोरंच ऑपरेटरला थांबवायला लागली.

रोलर आला तो रस्त्याच्या कामाचा गुळगुळीत ड्रमवाला. काळ्या मातीला खुरांचा रोलर लागतो, ज्याला शीपफूट म्हणतात, तो मातीत घुसून खालून दाबत येतो आणि थर एकमेकांत मिसळतात. तो मिळालाच नाही तर काय, तर साहेबांनी गुळगुळीत रोलरवरच काम करून घेतलं पण प्रत्येक थराचं वरचं तोंड नांगराच्या फाळाने ओरखडून, थोडं पाणी मारून, मगच पुढचा थर. कॉन्ट्रॅक्टरला हे वेळखाऊ वाटलं आणि एक-दोनदा त्याने ते टाळायचा प्रयत्न केला, साहेब जेवायला गेले की. इथे मी दीड स्टार कापलेत.

टेस्ट करून घेतल्या, हे नक्की करा. लोखंडी नळी दाबलेल्या थरात ठोकून नमुना काढायचा, त्याचं वजन आणि ओल बघायची आणि लॅबमधल्या जास्तीत जास्त घनतेशी तुलना करायची. आम्ही किमान ९५ टक्के धरलं होतं, गाभ्याच्या भागात, म्हणजे बांधाच्या मधल्या पाणी अडवणाऱ्या मातीत, त्याहून जास्त. एका थराचा रिझल्ट कमी आला, तो कॉन्ट्रॅक्टरने निमूट उकरून परत केला, याचं क्रेडिट त्याला दिलं पाहिजे. टेस्टचा खर्च एकूण बिलाच्या मानाने किरकोळ आणि त्याशिवाय तुमच्या हातात काहीच पुरावा नाही.

माती कुठून आणायची यावरही वाद झाला. त्याला जवळची पाहिजे, म्हणजे तळ्याच्या आतून, बांधाच्या अगदी पायथ्याजवळून, पोकलेन एका जागी उभा करून. साहेब ठाम, तिथं एक बादलीसुद्धा नाही. बांधाच्या आतल्या पायथ्याशी वर्षानुवर्षं बसलेला बारीक गाळ हा एक प्रकारे तळाचं अस्तर असतो, तो पाझर कमी करतो, तो काढला आणि खालचा मुरूम उघडा पडला की पाणी पायाखालून वाट शोधतं, शिवाय पायथा खणल्यावर बांध आतल्या बाजूला घसरायचा धोका वेगळा. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार ही २०१७ ला आलेली योजना चांगली आहे, आमच्याही शेतात तो गाळ टाकलाय आणि फरक दिसतो, पण त्यात गाळच काढायचा असतो, मुरूम लागला की थांबायचं, आणि बांधापासून लांब राहायचं. गावोगावी उत्साहात हे विसरतात आणि मग बांधाच्या पायाशीच सगळ्यात खोल खड्डा असतो.

माथ्यावर लांबीच्या दिशेने भेगा होत्या आणि एका ठिकाणी आडवी. आडव्या भेगेवर साहेब फार गंभीर झाले, कारण ती तळ्याच्या बाजूकडून मागच्या बाजूकडे जाते, म्हणजे पाण्याला सरळ वाट. वरून चिखल ओतून चालत नाही, तो दोन इंचावर अडकतो आणि खाली पोकळ राहतं. भेग संपेपर्यंत खाली चर खणला, तळ दिसला, मग थराने भरला. गाभ्यात काळी माती, आणि वरून मुरमाचं आवरण, कारण काळी माती उघडी राहिली की आपल्याकडच्या उन्हाळ्यात परत भेगाळणार.

पाझर. पायथ्याला एका ठिकाणी भर एप्रिलमध्ये हिरवं गवत आणि लव्हाळा, लोक कौतुकाने म्हशी तिथं चारायचे. तळं भरल्यावर तिथून पाणी निघायचं. मातीच्या बांधातून थोडा पाझर असणारच, त्याने घाबरायचं नाही, साहेब बघत होते ते तीन गोष्टी, पाणी स्वच्छ आहे का, वाढतंय का, आणि एकाच जागेतून उसळतंय का. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला गाळ बसला का बघितला, आमचं स्वच्छ निघालं. गढूळ निघालं असतं तर त्याचा अर्थ बांधाच्या पोटातली माती बाहेर येतेय, आत बोगदा तयार होतोय, आणि तो बाहेरून आत वाढत जातो, तळ्यापर्यंत पोचला की संपलं. मातीची धरणं फुटतात ती बहुतेक या दोनच कारणांनी, वरून पाणी गेल्यामुळे किंवा आतून माती वाहिल्यामुळे.

कॉन्ट्रॅक्टरचा उपाय होता त्या ओल्या जागेवर काळी माती दाबून गळती बंद करणे. गावातल्या बऱ्याच जणांनाही तेच योग्य वाटत होतं. पण पाण्याला मागे दाबून धरलं की ते दुसरीकडून फुटतं किंवा बांध आतून भिजून मागचा उतार घसरतो. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी उलटा फिल्टर, आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड, आणि ते पाणी चरातून लांब नेऊन सोडायचं. वाळूच्या भावामुळे इथे कॉन्ट्रॅक्टरने क्रशरची डस्टवाली वाळू आणून टाकली, साहेबांनी मूठभर घेऊन पाण्यात टाकली, पाणी दुधासारखं झालं, ट्रॉली परत. अशी डस्ट असेल तर फिल्टर काही महिन्यांत चोक होतो. धुतलेली वाळू आली तेव्हाच काम पुढे गेलं. माझ्या मते सगळ्या कामात हा दिवस सगळ्यात मोलाचा होता, कारण साहेब नसते तर आम्ही स्वतःच टाळ्या वाजवून ती गळती मातीने बुजवून घेतली असती.

विमोचक म्हणजे तळ्यातलं पाणी पाटात सोडायचं दार, त्याचा पाइप बांधाच्या पोटातून जातो आणि तिथं सगळ्यात जास्त लक्ष. पाइपाच्या आतून पाणी आलं तर ठीक, पाइपाच्या बाहेरून, पाइप आणि माती यांच्या मधून आलं तर धोका. पाइपाशेजारी माती चोपायला हात पुरत नाही म्हणून ती जागा कायम कच्ची राहते. पाणशेतची गोष्ट साहेबांनी तिथंच उभं राहून सांगितली, १२ जुलै १९६१, काम पूर्ण झालेलं नसताना तळं भरत गेलं, विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला, जवानांनी पोती टाकून टाकून माथा उंच ठेवायचा प्रयत्न केला, शेवटी धरण फुटलं, त्या पाण्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि पुण्यातल्या पेठा बुडाल्या. आमच्या पाइपाच्या तोंडाशी बाहेरून ओल नव्हती, पण दाराचं चाक गंजून बसलेलं, कित्येक वर्षं कुणी पूर्ण फिरवलंच नव्हतं. ते सोडवून, ग्रीस करून, स्क्रू रॉड सरळ करून घेतला. आता दर महिन्याला एकदा पूर्ण उघडून बंद करायचं ठरलंय, मग पाट चालू असो नसो. अडचणीच्या रात्री तळं खाली करायला आपल्याकडे तेवढंच एक दार आहे.

पिचिंगवर मी नाराज आहे. आमच्याकडे पश्चिमेचा वारा, लाटा बांधाच्या एकाच पट्ट्यावर आपटतात, तिथले दगड निसटून खाली गेलेले. हाताने एकेक दगड उभा रचायचा, फटीत चिपा ठोकायच्या, खाली खडीचा थर, असं ठरलं होतं. केलं काय तर शेवटच्या आठवड्यात ट्रॉलीने दगड वरून ओतले आणि पोकलेनच्या बकेटने पसरवले. पाऊस जवळ आला होता, साहेब आजारी होते, आम्ही अडवलं तोपर्यंत निम्मं झालं होतं. पहिल्याच पावसाळ्यात त्यातले बरेच दगड हलले आणि मागची माती दिसायला लागली. त्या भागाचं बिल रोखून धरलंय.

बिल रोखण्यावरून आठवलं, एकूण रकमेतला दहा टक्के भाग आम्ही एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायचा असं आधीच लिहून घेतलं होतं. ते फार उपयोगी पडलं. सप्टेंबरमध्ये माथ्यावर एका जागी नवी माती बसून खळगा झाला, फोन केला, चार दिवसांत माणूस आणि हँड रॅमर पाठवून थराने भरून दिला, कुरकुर न करता. म्हणून नंतरच्या सर्व्हिसला चार.

साहेबांनी जाता जाता पाझराच्या चरात पत्र्याची व्ही नॉच बसवून दिली, नव्वद अंशाची खाच. तिच्यातून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी, १० सेंटिमीटर असेल तर जवळपास साडेचार लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटीने वाढतं, म्हणून नुसत्या डोळ्याने "थोडंसं वाढलंय" म्हणण्यात अर्थ नाही, पट्टी लावा आणि लिहा. पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, आठवड्यातून एकदा आणि मोठ्या पावसात रोज वहीत लिहितो, तारीख, तळ्याची पातळी, नॉचची उंची, पाण्याचा रंग. पातळी तीच असताना नॉच वाढली तर साहेबांना फोन. फोटो व्हॉट्सॲपवर जातो. या वहीसाठी त्यांनी एक रुपया जास्त घेतला नाही आणि आजही फोन उचलतात.

मारुतीच्या देवळासमोर त्यांनी एक बैठक पण घेतली, बायामाणसांनाही मुद्दाम बोलावलं, कारण धुणं धुवायला आणि गवताला रोज बांधावर त्याच जातात आणि बदल आधी त्यांनाच दिसतो. पाणी गढूळ झालं, उसळायला लागलं किंवा मागच्या उतारावर फुगवटा आला तर काय, तर आधी खालची वस्ती उठवा, तलाठी आणि तहसीलदाराला फोन, विमोचक उघडा, आणि उसळणाऱ्या जागेभोवती पोत्यांचं गोल रिंगण करून मधे वाळू-खडी टाका, ते तोंड मातीने बंद करू नका. एरवी मात्र दार पूर्ण उघडून तळं झटकन रिकामं करायचं नाही, पाणी पटकन उतरलं की आतला ओला उतार घसरतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली तेव्हा खालची गावं आधी रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढून दिलं, आणि माणसं वाचली. आमच्या वस्तीवरच्या एका म्हातारीने विचारलं की रात्री कळणार कसं, त्यावर देवळाचा भोंगा आणि शाळेची घंटा ठरली, आणि उंचावरचं समाजमंदिर ही जमायची जागा.

परत बोलवणार का? साहेबांना दरवर्षी, मे आणि ऑक्टोबर, त्यांची फी वर्गणीत धरूनच ठेवलीय. कॉन्ट्रॅक्टरला मातीकामासाठी बोलवीन, पण रोलर बांधावर उभा दिसल्याशिवाय पोकलेन सुरू करू देणार नाही, आणि पिचिंग यंदा दगडाच्या मिस्त्रींकडून हाताने करून घेतोय, त्याचं मोजमाप ऑफिसला दिलंय. आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, मे महिन्यात सगळे रोलर रस्त्यांच्या कामावर अडकलेले असतात, तेव्हा बुकिंग मार्चमध्येच करा आणि शीपफूट पाहिजे असं आधीच सांगून ठेवा, नगर-बीडकडे तो मोजक्याच लोकांकडे आहे.